खालून कोण बघणार?

पनवेल स्थानकात मालगाडीकडे प्रेमाने बघणारा माणूस मिळणार नाही. तसा इथे मालगाड्यांना तोटा नाही. दिवा, कर्जत, रोहा आणि उरणचं बंदर अशा चारी दिशांचे रूळ इथे येऊन मिळतात, वर हार्बरची लोकल आहेच. त्यामुळे बंदरातले कंटेनर, कळंबोलीच्या बाजारात उतरायचं पोलाद, थळच्या कारखान्यातलं खत असं देशाचं अर्थकारण दिवसरात्र आमच्या डोळ्यांदेखत खडखडत जात असतं, आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून इंडिकेटर वाचत उभे असतो. पनवेलकराच्या लेखी मालगाडी म्हणजे उशिराचं कारण. दिव्याची गाडी का आली नाही? मालगाडी काढली. मांडवी सोमाटण्याला का खोळंबली? पुढे मालगाडी आहे. २०२३ साली सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी पनवेल आणि कळंबोलीच्या मध्ये मालगाडीचे डबे घसरले. अनंत चतुर्दशी होऊन दोनच दिवस झालेले, चाकरमानी गावाहून परतत होते, आणि गाड्या जिथल्या तिथे. त्या दिवशी कोकण रेल्वेच्या डब्याडब्यातून मालगाडीबद्दल जे बोललं गेलं, ते छापता येणार नाही.

अशा गावात राहून मी घरी मालगाडीचा डबा बांधायला घेतला. लोकांनी मला वेड्यात काढलं यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. माणसाने वंदे भारत बांधावी, राजधानी बांधावी, गेला बाजार डेक्कन क्वीन बांधावी. एका मित्राने तर तोंडावर सांगितलं, "लोक ताजमहालाची प्रतिकृती करतात, तू नगरपालिकेच्या मुतारीची करतोयस." पनवेलला २०१६ पासून महानगरपालिका आहे एवढी दुरुस्ती मी सुचवली. बाकी उत्तर नव्हतं.

हा डबा म्हणजे बॉक्सएन. नाव ऐकलं नसेल तरी तुम्ही तो हजारदा पाहिलेला आहे: वरून उघडा, तपकिरी, अंगावर उभ्या पट्ट्या, आत कोळसा किंवा कोळसा होता याची खूण. खरा डबा कपलिंगसकट १०,७१३ मिलिमीटर लांब असतो, रिकामा साडेबावीस टन भरतो आणि वर साधारण ५९ टन माल घेतो. त्याला ८७ पट लहान केलं की १२३ मिलिमीटर होतात. या १:८७ मापाला जगभर एचओ म्हणतात आणि जगभर या मापात माणसं आपापले पगार घालवतात. या छंदाची सुरुवात करणाऱ्यांत मेर्कलिन नावाची जर्मन कंपनी होती. १८५९ पासून ते बाहुल्यांच्या घरातली भांडीकुंडी बनवायचे. १८९१ साली त्यांनी लाइपझिगच्या जत्रेत चावीची आगगाडी रुळांसकट मांडली. त्यातली मेख अशी की गाडी एकदा घरात आली की पुढच्या वर्षी चार रूळ, त्याच्या पुढच्या वर्षी एखादा डबा, असं घेतच राहावं लागे. भातुकली विकणाऱ्या माणसाला घरं कशी खर्चात पडतात याची उत्तम जाण असते.

माझ्या खोक्यातून निघाले ते डब्याचे चार बाजूंचे पत्रे, एक तळ, दोन बोगी, आणि एका प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेले असंख्य बारीक तुकडे. सोबत एक कागद. कागदावर पायऱ्या होत्या, बाण होते, आणि सगळ्यात शेवटी एका चौकोनात तळाखालच्या तुकड्यांचं चित्र काढून शेजारी लिहिलं होतं: ऐच्छिक.

शाळेत ऐच्छिक विषय सोडणारी आमची पिढी. पण चाळिशीनंतर ऐच्छिक या शब्दाने माणूस जसा पिसाळतो तसा सक्तीने पिसाळत नाही. सक्तीचं सगळं करून झालेलं असतं.

त्याआधी रुळांची भानगड सांगायला हवी, कारण ती माझ्या हातातली नव्हती. लॉर्ड डलहौसीच्या काळात हिंदुस्थानसाठी साडेपाच फुटी, म्हणजे १६७६ मिलिमीटर रुंदीचे रूळ ठरले. युरोप-अमेरिकेत मुख्यतः १४३५ मिलिमीटर चालतात, आणि एचओचे रूळ त्या हिशेबाने साडेसोळा मिलिमीटरचे असतात. भारतीय डबा प्रामाणिकपणे छोटा केला तर त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटरचे रूळ लागतात, जे बाजारात मिळत नाहीत. मग आपला भारदस्त ब्रॉडगेज डबा परदेशी चाकांवर चढवायचा आणि पावणेतीन मिलिमीटरची लाज झाकायची. समोरून पाहिलं की चाकं थोडी आत गेलेली दिसतात. म्हणून आम्ही लोक पाहुण्यांना डबा नेहमी बाजूने दाखवतो.

पाहुण्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. पहिला, "मुलासाठी का?" मुलगा बारावीत आहे आणि या प्रकरणाशी आपला काही संबंध नाही हे त्याने मित्रांना लेखी कळवलं आहे. दुसरा, "किती पडले?" याचं खरं उत्तर मी घरात कोणालाच दिलेलं नाही. तिसरा, "चालतो का?" हा सगळ्यात अवघड. डबा चालत नाही. डब्याला इंजिन लागतं, इंजिनाला रूळ, रुळांना वीज आणि विजेला टेबल. माझ्याकडे फूटभर रूळ आहे, त्यावर डबा उभा असतो. बोटाने ढकलला तर चालतो, पण तसं केल्यावर पाहुण्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते पाहवत नाहीत.

धावत्या गाड्या बघायच्या तर पुण्याला जावं. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. त्याचं उद्घाटन १९९८च्या १ एप्रिलला झालं, तरी आतल्या गाड्या खरोखर धावतात. सिग्नल पडतात, दिवे लागतात, रात्र होते. मी सहकुटुंब गेलो होतो. बायको सगळा खेळ मन लावून बघत होती, मध्येच टाळीही वाजवली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "यांच्या धावतात तरी." मेगाहायवेवर लोणावळा येईपर्यंत मी दुसरा विषय काढला नाही.

तर बांधकाम. पनवेलमध्ये मे महिन्यात पंखा बंद करून बसायचं म्हणजे काय हे पनवेलकरालाच कळेल, पण पंखा चालू असला की तुकडे उडतात. घाम नाकाच्या शेंड्यावर येतो आणि नेमका गोंद लावताना पडतो. दोन मिलिमीटरचा तुकडा चिमट्यातून सुटला की तो जमिनीवर पडत नाही. मी अनेकदा ऐकलंय, पडल्याचा आवाज होतच नाही. तो वातावरणात विलीन होतो. मग मी, बायको आणि केर काढणाऱ्या मावशी, तिघं मोबाइलचे टॉर्च लावून लादीवर पालथे. मावशी प्रत्येक वेळी काहीतरी शोधून देतात: कानातल्याची फिरकी, गोळ्यांच्या पाकिटाचा कोपरा, एकदा बायकोचं हरवलेलं डूल. डूल सापडल्यापासून घरातला विरोध जरा मवाळ झाला आहे.

रंगासाठी मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. खरे डबे ज्या रंगाचे दिसतात त्याच्या सगळ्यात जवळचा रंग रेड ऑक्साइड, जो आपण खिडकीच्या ग्रीलला खाली मारतो. दुकानदाराने विचारलं, "किती लिटर?" म्हटलं, "चमचाभर." त्याने काउंटरवरून वाकून माझ्या हातात ग्रील वगैरे आहे का ते पाहिलं. "कशाला लावायचाय?" "मालगाडीच्या डब्याला." त्यावर त्याने जो भाव सांगितला तो रेल्वेला टेंडरमध्ये सांगतात त्या धर्तीचा होता. शेवटी सगळ्यात लहान डबा घ्यावा लागला. त्या रंगात माझ्यासारख्यांच्या दोन-तीन पूर्ण रेक निघतील. पूर्ण रेक म्हणजे ५८ डबे. एचओमध्ये त्याची लांबी होते सात मीटरच्या वर, इंजिन वेगळं. आमच्या हॉलमध्ये ती मावत नाही. इंजिन गॅलरीत आणि शेवटचा डबा स्वयंपाकघरात गॅसखाली येतो. हा हिशेब मी रात्री उगाच केला होता, कागद बायकोला सापडला.

डबा उभा राहिला, रंगला, बरा दिसायला लागला. राहिला फक्त तो चौकोनातला ऐच्छिक भाग. मी भिंग डोळ्याला लावून तुकडे निवडत बसलो होतो तेव्हा बायकोने तो प्रश्न विचारला. "अहो, पण खालून कोण बघणार?"

प्रश्न बिनतोड होता. डबा रुळावर उभा राहणार. त्याच्या तळाखाली जेमतेम बोट जाईल एवढी फट. तिथे ब्रेकचा सिलिंडर आहे की नाही हे झुरळालाच कळणार. इंग्लंडात या छंदात मुरलेल्या लोकांना रिव्हेट मोजणारे म्हणून हिणवतात. आमच्या बॉक्सएनवर ती सोय नाही, तो जवळजवळ सगळा वेल्डिंगचा. मग मोजायचं काय? तर खालचे पाइप.

आणि खालून बघणारा माणूस नेमका आमच्याच बिल्डिंगमध्ये निघाला.

वरच्या मजल्यावरचे काका रेल्वेतून टीएक्सआर म्हणून निवृत्त झाले. टीएक्सआर म्हणजे ट्रेन एक्झामिनर: यार्डात गाडी आली की हातोडी आणि टॉर्च घेऊन तिच्या दोन्ही बाजूंनी चालत जायचं, चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकायचा, वाकून खाली बघायचं आणि गाडी पुढे जाण्याच्या लायकीची आहे की नाही ते ठरवायचं. काका चहाला आले होते, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला. टेबलावर डबा दिसला. टाकी राहिली बाजूला.

"बॉक्सएन," काका म्हणाले. आजवर माझ्या घरी आलेल्या एकाही माणसाने त्याला नावाने हाक मारली नव्हती. माझा कंठ दाटून आला.

त्यांनी बशीतला चमचा उचलला, डबा कानाशी धरला आणि चमच्याने पहिल्या चाकावर टिचकी मारली. ऐकलं. दुसऱ्या चाकावर मारली. ऐकलं. आठही चाकं झाली. मी श्वास रोखून उभा.

"आवाज बद्द येतोय."

"प्लॅस्टिकचं आहे, काका."

"मग बद्दच येणार," असं म्हणून त्यांनी डबा उलटा केला आणि चष्मा कपाळावर चढवला. "आयुष्यभर खाली वाकून वर बघितलं रे. वॅगन अशी पालथी करून आज पहिल्यांदा बघतोय. ही सोय आम्हाला असती तर माझी पाठ वाचली असती." मग गंभीर झाले. "सिलिंडर आहे. डीव्ही कुठाय? एसएबी कुठाय? आणि हा पाइप बघ, हवेतच संपतोय. सगळी हवा जाईल की रे!"

आगगाडीचे ब्रेक हवेवर चालतात हे मला ऐकून माहीत होतं. काकांनी त्या संध्याकाळी ते पटवून दिलं. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक पाइप जातो, त्यात पाच किलो दाबाची हवा भरलेली असते. हवा आहे तोवर ब्रेक सुटलेले. हवा गेली, पाइप तुटला, की डब्याखालच्या टाकीतली हवा सिलिंडरात शिरते आणि ब्रेक लागतात. म्हणजे गाडी थांबवायला दाब घालवावा लागतो आणि चालवायला भरावा लागतो. हवा कधी कुठे जायची हे ठरवतो तो डीव्ही, डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व्ह. ब्रेकचे ठोकळे झिजले की मधलं अंतर आपोआप भरून काढते ती एसएबी नावाची लांब दांडी. माझ्या डब्यात यातलं काहीच नव्हतं. कागदाप्रमाणे ते ऐच्छिक होतं. काकांच्या मते त्यात माणसं मरतात.

"आणि ही बोगी कॅसनब नाही."

"मग कुठली आहे?"

"अमेरिकन दिसतेय," काका तुच्छतेने म्हणाले. बनवणाऱ्याने बहुधा जगातल्या सगळ्या डब्यांखाली एकच बोगी घालायचं धोरण ठेवलं असावं. काकांनी माझ्या बायकोकडे खडू मागितला. रांगोळीच्या डब्यात एक तुकडा होता. त्यांनी माझ्या ताज्या रेड ऑक्साइडवर इंग्रजीत 'सिक' असं लिहिलं आणि चहा पिऊन गेले. रेल्वेत बिघडलेल्या डब्याला आजारीच म्हणतात आणि त्याला सिक लाइनवर नेऊन ठेवतात. अक्षरं इंचभर उंचीची होती. खऱ्या डब्यावर ती सव्वादोन मीटर भरली असती आणि लिहायला शिडी लागली असती. डबा फ्रिजवर गेला. पाण्याच्या टाकीचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

पाइप कुठे जातो हे बघायला मी स्थानकात गेलो. संध्याकाळची वेळ, फलाट भरलेला, आणि एक रूळ सोडून पलीकडे बॉक्सएनची रिकामी रेक उभी. मी फलाटाच्या कडेपासून जरा मागे उकिडवा बसलो, मान वाकडी केली आणि डब्याखाली बघायला लागलो. छान दिसत होतं. सिलिंडर दिसला, टाकी दिसली, पाइप टाकीच्या मागे वळत होता.

शेजारचे गृहस्थ वाकले. त्यांच्या शेजारची बाई वाकली. मुंबईच्या परिसरात एक माणूस रुळाकडे वाकून बघतोय म्हटल्यावर बाकीच्यांना ताठ उभं राहणं जमत नाही.

"काय पडलं?"

"माहीत नाही, हे बघतायत."

"कुत्रं असेल."

"कुत्रं नाही, चाक तडकलंय. मागे ते कळंबोलीला झालं ना, तसंच."

"म्हणजे आपली पण लेट?"

मागून कोणीतरी फोनवर बोलत होतं: "हां, पनवेललाच आहे. मालगाडीचा काहीतरी प्रॉब्लेम झालाय. तुम्ही जेवून घ्या." धडधाकट उभी असलेली, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशी ती रेक दोन मिनिटांत पुन्हा एकदा उशिराचं कारण झाली होती.

एक पोलीस आला. "काय चाललंय?"

"ब्रेकचा पाइप कुठे जातो ते बघतोय."

"रेल्वेत आहात?"

"नाही."

"मग?"

"घरी वॅगन बनवतोय."

तो जरा वेळ गप्प राहिला. त्याच्या नोकरीत त्याने बरंच ऐकलं असणार, पण हे नसावं. "कितव्या मजल्यावर राहता?"

"तिसऱ्या."

"लिफ्ट आहे?"

मी खिशातून मोबाइल काढून त्याला फ्रिजवरचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून नीट पाहिला. "सिक का लिहिलंय?" त्याला सगळं समजावून सांगेपर्यंत रेक सुटली. पाइप टाकीच्या मागे वळतो, पुढे काय करतो ते तेवढं राहिलं. पुढचं काकांनी वर्तमानपत्राच्या कडेला काढून दिलं.

मग घरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. पाइप वायरीतल्या तांब्याच्या तारेचे झाले. शिडीच्या पायऱ्या स्टेपलरच्या पिनांच्या. एसएबीची दांडी म्हणजे देवघरातल्या उदबत्तीची काडी. जाडी अगदी मापात बसते. हवेची टाकी कान साफ करायच्या इअरबडच्या दांडीची. खरी टाकी १०० लिटरची असते. ८७ने तीनदा भागलं की माझ्या टाकीत पाण्याचे तीन थेंब मावतात. काकांनी ती टाकी दिव्याखाली धरून बघितली आणि म्हणाले, "वेल्डिंग चांगलं झालंय." फेव्हिक्विकचा थेंब होता तो.

आता वजनाचा घोळ. डबा फार हलका असला की रुळावरून उतरतो. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने नियमच केलाय: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. माझ्या डब्याला हे साधारण ९७ ग्रॅम होतात. पण खऱ्या रिकाम्या डब्याचे साडेबावीस टन त्याच हिशेबाने लहान केले तर फक्त ३४ ग्रॅम उरतात. म्हणजे नियम पाळला की माझा रिकामा डबा खऱ्या जगातल्या ६४ टनांचा होतो. मी हे काकांना गंमत म्हणून सांगितलं. काकांना त्यात गंमत दिसली नाही.

"हँडल कुठे ठेवलंयस?"

बॉक्सएनच्या बाजूला खाली एक छोटं हँडल असतं, एका टोकाला एम्प्टी, दुसऱ्या टोकाला लोडेड. मालासकट डब्याचं वजन साडेबेचाळीस टनांच्या वर गेलं की ते लोडेडकडे फिरवायचं, म्हणजे ब्रेक जास्त जोराने लागतो. रिकाम्या डब्याचं हँडल लोडेडवर राहिलं तर चाकं जाम होऊन रुळावर घसटतात आणि सपाट होतात. भरलेल्याचं एम्प्टीवर राहिलं तर गाडी थांबता थांबत नाही. माझं हँडल तीन मिलिमीटरचं होतं. पिनेचा तुकडा वाकवून, टोकाला रंगाचा ठिपका देऊन, सुईने चिकटवलेलं. डबा रिकामा दिसतो म्हणून एम्प्टीकडे.

"चौसष्ट टन आणि एम्प्टी?" काकांचा आवाज चढला. "खंडाळ्याचा घाट उतरायचा असता म्हणजे?"

घाट उतरायचा नव्हता. फ्रिजवरून टेबलावर यायचं होतं. पण निवृत्त टीएक्सआरशी वाद घालता येत नाही. दोन मार्ग होते: वजन काढायचं किंवा माल भरायचा. माल भरला. कोळीवाड्याजवळच्या दुकानातून जाळ्याला बांधायचं शिसं आणलं, ते तळात बसवलं. वर कोळसा. कोळसा इस्त्रीवाल्याकडून, खलबत्त्यात कुटून, चहाच्या गाळणीतून गाळून. खलबत्ता घासून दिला. गाळणी नवी आणावी लागली. काकांनी चिमूटभर बोटांत घेऊन चुरडला. "हा लाकडी आहे. दगडी नाही."

"काका, ८७ पट लहान केल्यावर कोणाला कळतंय?"

"मला कळलं ना."

हँडल लोडेडकडे फिरवलं. म्हणजे जुनं तोडून नवं चिकटवलं. जुनं वातावरणात विलीन झालं.

शेवटचं काम नंबराचं. पाण्यात भिजवून उतरवायचे नंबर सोबत आले होते, अक्षरं मिलिमीटरभर. भारतीय रेल्वेच्या डब्याचा नंबर अकरा आकडी असतो. पहिले दोन डब्याच्या प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यापुढचे दोन बांधणीच्या सालाचे, मग चार आकडे त्या डब्याचे स्वतःचे. अकरावा आकडा असतो चोर पकडायला. सम जागांवरचे आकडे मिळवून तिप्पट करायचे, त्यात विषम जागांवरचे मिळवायचे, आणि बेरीज पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जितके लागतात तो शेवटचा आकडा. माझा नंबर होता १००१९२४३१७, बॉक्सएन, मध्य रेल्वे, १९९२ची बांधणी. सम जागांचे तेरा, तिप्पट एकोणचाळीस, विषम जागांचे पंधरा, एकूण चोपन्न. साठ व्हायला सहा. छापणाऱ्याने शेवटी तीन छापला होता.

हे शोधून काढलं मुलाने. बारावीचा अभ्यास सोडून, कोणी न सांगता. मग त्यानेच दुसऱ्या नंबरातला सहा सुईच्या टोकाने कापून तिथे बसवला आणि याबद्दल मित्रांना काही कळता कामा नये अशी तंबी दिली. गेरूची पूड कोरड्या ब्रशने कोपऱ्यांत भरून गंज आणला तोही त्यानेच. पावसाळ्यात आमच्या गॅलरीच्या ग्रीलला जो येतो, तस्सा.

काका पुन्हा आले. या वेळी स्वतःची टॉर्च घेऊन. डबा पालथा केला. कोळसा गोंदाने बसवलेला होता, सांडला नाही. तारेवरून बोटाचं नख फिरवत ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. डीव्ही, टाकी, सिलिंडर, एसएबी, हँडल. बाजूला पुसट दिसणारा जुना 'सिक' त्यांनी थुंकी लावून अंगठ्याने पुसला. मी म्हटलं, "मग काका, सर्टिफिकेट?" गाडी सोडण्याआधी टीएक्सआर ब्रेक पॉवर सर्टिफिकेट देतो, त्याशिवाय गाडी हलत नाही, हे एव्हाना मला पाठ झालं होतं. लाइटच्या बिलाची कोरी बाजूही मी पुढे केली.

"असं कसं देणार?" काका म्हणाले. "बीपीसी गाडीची असते, एका वॅगनची नाही. इंजिन लाव, पाच किलो हवा भर, ब्रेक लागतात का बघू, सुटतात का बघू. मग सही."

मी बायकोकडे बघितलं नाही. तिने मात्र पदर खोचला आणि सरळ काकांनाच विचारलं, "काका, इंजिनाला खालून काय काय असतं?"

"इंजिन माझं खातं नाही," म्हणत काकांनी चष्मा कपाळावर चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि बोटं मोजायला घेतली. "पण वॅग-नाईन इंजिन घे तू साधं. सहा ट्रॅक्शन मोटर. ट्रान्सफॉर्मर, तोही खालीच लटकलेला. मग हवेच्या टाक्या, त्या वेगळ्या. वाळूच्या पेट्या. त्यांचे पाइप. आता बोगीचं सांगायचं तर..."

"बरं," बायको म्हणाली, "मग जेवूनच जा तुम्ही."